आधी ड्युटीचा तक्ता, मग समुपदेशन

वॉर्डमधली कोणी नर्स बर्नआउटकडे, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेकडे, सरकतेय का, हे पाहायला आम्ही नोंदवह्यांपासून सुरुवात करतो. थेट विचारलं की "बरी आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि बहुतेकदा ते खोटंही नसतं. थकवा अंगवळणी पडला की तो वेगळा जाणवत नाही. म्हणून मागच्या तीन महिन्यांचे हजेरीपट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, नर्सिंग नोट्स आणि ओव्हरचं, म्हणजे पुढच्या ड्युटीकडे पेशंट सोपवण्याचं, रजिस्टर समोर घेऊन बसायचं. ऑफला चिकटून घेतलेल्या एकेका दिवसाच्या आजारपणाच्या रजा शोधायच्या. ड्युटी संपता संपता एका दमात भरलेल्या नोंदी शोधायच्या. श्वसनाच्या दराचा रकाना आवर्जून पाहायचा. श्वास नीट मोजायला पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, त्यामुळे कामाच्या रेट्यात सगळ्यात आधी हीच मोजणी गळते आणि खाटेमागून खाट 18 नाहीतर 20 असा आकडा दिसायला लागतो. याला कामचुकारपणा म्हणून मेमो देणं सोपं असतं. पण हाच प्रकार एका ड्युटीतल्या सगळ्यांच्या नोंदींत दिसला, तर दोष त्या ड्युटीच्या मांडणीत आहे.

बोलण्यातल्या खुणा फसव्या असतात. "सात नंबरचं सलाईन संपलं" असं प्रत्येक वॉर्डमध्ये बोललं जातं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जी नर्स आजवर पेशंटला नावाने हाक मारायची तिने ते सोडलं, नातेवाइकांचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन ती वळायला लागली, तर तो बदल टिपायचा. चिडचिड ही त्या मानाने बरी खूण, कारण चिडणाऱ्या माणसाला अजून फरक पडत असतो. "काय करायचंय, कोणाला काय पडलंय" ही थंडाई पुढची पायरी. आणि हमखास नजरेतून सुटते ती कधीच नकार न देणारी. डबल ड्युटीला हीच उभी राहते, सणासुदीला हीच, कोणी रजेवर गेलं तरी हीच. इनचार्जला (वॉर्डप्रमुख सिस्टरला) तिचा आधार वाटतो, म्हणून कोणाकडे लक्ष द्यायचं त्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आम्ही ते वर आणून ठेवतो.

नक्की काय मोजायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 2022 पासून लागू आहे. तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा जो दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, त्यातून उद्भवणारी ही व्यवसायाशी निगडित अवस्था आहे, अशी तिथली मांडणी आहे. तिची अंगं तीन: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आजार न मानण्याला व्यवहारात मोठा अर्थ आहे. केसपेपरवर "बर्नआउट" लिहून गोळी सुरू करता येत नाही, आणि जिथे कारण आहे ते कामाचं ठिकाण तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पण वरून तशाच दिसणाऱ्या गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. सलग दोन-तीन दिवस सुट्टी आणि झोप मिळाल्यावर जो उतरतो तो साधा थकवा. बर्नआउटमध्ये सुट्टी बरी जाते, पण उद्या ड्युटी आहे हे आठवलं की संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. सुट्टीतही कशातच रस नाही, खाणं-झोप बिघडलेली, घरच्यांतही मन नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार लागतात. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी इथे उपयोगी पडते. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की डॉक्टरांकडे जायचं. नववा प्रश्न आयुष्य संपवण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी बोलायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 या तपासण्याही उरकून घ्याव्यात. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढणाऱ्यांनी स्वतःचं वर्षानुवर्षं तपासलेलं नसतं.

आणखी एक वेगळी गोष्ट म्हणजे नैतिक कोंडी. काय करायला हवं हे कळतंय, पण ते करण्याची मुभा किंवा साधनं नाहीत, ही ती अवस्था. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सिंगच्या संदर्भातच ती मांडली. अतिदक्षता विभागात, जिथे सुधारण्याची आशा नसलेल्या पेशंटवर दिवसेंदिवस उपचार चालू राहतात, तिथे ती जास्त भेटते. ड्युटीचे तास कमी करून ती जात नाही. उपचारांची दिशा ठरवणाऱ्या चर्चेत नर्सला बसवावं लागतं.

प्रश्नावली

बर्नआउट मोजायला मानसशास्त्रज्ञ मॅस्लॅक आणि जॅक्सन यांची 1981 ची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. विधानं 22, आणि प्रत्येकाला "कधीच नाही" म्हणजे 0 पासून "रोज" म्हणजे 6 पर्यंत गुण. भावनिक थकव्याची 9 विधानं, पेशंटपासून तुटल्याची 5 आणि कामातल्या समाधानाची 8. या तिन्हींची एकत्र बेरीज करायची नाही. तिसऱ्या गटात कमी गुण म्हणजे वाईट, त्यामुळे एकत्र आकड्याला काही अर्थच उरत नाही. तरी ही चूक सर्रास होते. शिवाय ही प्रश्नावली विकत घ्यावी लागते. म्हणून आम्ही कोपनहेगन प्रश्नावली पसंत करतो. ती मोफत आहे, 19 प्रश्नांची आहे आणि भाषा सरळ आहे: वैयक्तिक थकव्याचे 6 प्रश्न, कामातल्या थकव्याचे 7, पेशंटशी संबंधित 6. उत्तरांना 0, 25, 50, 75, 100 असे गुण देऊन प्रत्येक गटाची सरासरी काढायची. मोकळ्या वेळात घरच्यांसाठी, मित्रमंडळींसाठी पुरेशी शक्ती उरते का, हा एक प्रश्न उलटा मोजायचा असतो. तो सरळ मोजला की कामातल्या थकव्याची सरासरी खोटी पडते.

प्रश्नावली कुठली यापेक्षा ती कशी भरून घेतली याने निकाल जास्त बदलतो. नाइट संपवून निघणाऱ्या माणसाच्या हातात कागद द्यायचा नाही, त्या वेळी सगळेच जळालेले असतात. तपासणीच्या किंवा मानांकनाच्या आठवड्यात, किंवा वॉर्डमध्ये मनाला लागणारा मृत्यू झाल्यावर लगेच घ्यायची नाही. नाव नको, वय नको, नोकरीची वर्षं नकोत. छोट्या वॉर्डात एवढ्यावरून कोण ते कळतं. दहा माणसांपेक्षा लहान गटाचा निकाल वेगळा दाखवायचा नाही, शेजारच्या वॉर्डात मिळवायचा. कागद इनचार्जने गोळा करायचे नाहीत, कुलूपबंद पेटीत पडले पाहिजेत. आणि भरायला ड्युटीतलीच पंधरा मिनिटं द्यायची, तेवढा वेळ वॉर्ड दुसऱ्याने सांभाळायचा.

पेशंटबद्दल तुटलेपणा विचारणारे प्रश्न लोक मोकळे सोडतात किंवा सौम्य उत्तरं देतात, कारण नर्सने तसं वाटून घेणं तिला स्वतःलाच लाजिरवाणं वाटतं. तो आकडा कमी आला म्हणून खूश व्हायचं नाही. किती जणांनी कागद भरलाच नाही, हाही एक निकाल आहे. जिथे निम्मे कागद कोरे परत येतात तिथे आकड्यांवर चर्चा करण्यात वेळ घालवू नये. भरून काही होत नाही हे लोकांना ठाऊक आहे, एवढं त्यातून कळतं. इनचार्ज आणि मेट्रन यांची उत्तरंही घ्यायची, आणि ती वेगळी पाहायची. ड्युटी लावणारीची ड्युटी कोणीच पाहत नसतं.

तक्ता उलगडणं

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बोर्डावर लावलेला तक्ता घ्यायचा नाही, प्रत्यक्षात झालेल्या ड्युट्या घ्यायच्या. दोन्हींत बराच फरक असतो. प्रत्येक नावापुढे निघण्याची खरी वेळ लिहायची. दोनला सुटणारी सिस्टर पावणेचारला निघत असेल, तर तिचा दिवस आठ तासांचा नाहीच. मग दोन ड्युट्यांमधलं अंतर काढायचं. संध्याकाळची ड्युटी करून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, अशा जोड्या लाल पेनने खुणावायच्या. युरोपीय संघाच्या नियमात 24 तासांत सलग 11 तासांची विश्रांती सांगितली आहे, तो मापदंड म्हणून वापरता येतो. नाइट संपते त्या दिवसाला तक्त्यात "ऑफ" लिहिलेलं असतं, ते खोडून "झोप" लिहायचं. तो दिवस झोपेतच जातो. हे एवढं केलं तरी कित्येकांना महिन्यातून खऱ्या सुट्ट्या किती कमी मिळाल्या ते उघडं पडतं.

पुढचा हिशेब पेशंटच्या संख्येचा. 2002 मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की 30 दिवसांच्या आत पेशंट दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी आणि नर्सला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली आढळली. व्यवस्थापनापुढे बसताना हे दोन आकडे सोबत ठेवावेत. पेशंटची सुरक्षितता आणि नर्सची अवस्था हे दोन वेगळे अर्ज नाहीत, हे त्यातून चटकन कळतं. कॅलिफोर्नियात 1999 चा कायदा 2004 पासून अमलात आला. तिथे साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्समागे जास्तीत जास्त 5 आणि अतिदक्षता विभागात 2 पेशंट ठेवता येतात.

मात्र मध्यरात्रीची शिरगणती यासाठी वापरायची नाही. तिच्यात दिवसभरात आलेले-गेलेले पेशंट दिसतच नाहीत. 24 खाटांच्या वॉर्डात सकाळी आठ डिस्चार्ज आणि संध्याकाळपर्यंत आठ ॲडमिशन झाल्या, तर कागदावर 24 च राहतात, हातात मात्र 32 जणांचं काम असतं, आणि नवी ॲडमिशन ही सगळ्यात वेळखाऊ. म्हणून प्रत्येक ड्युटीत हाताळलेले एकूण पेशंट मोजायचे.

सोबत एक आठवडा साधा टिचकी-कागद ठेवायचा. नर्सिंगचं नसलेलं काम केलं की एक रेघ मारायची. रिपोर्टसाठी लॅबला फोन, औषधं आणायला स्टोअरची फेरी, बिलाची चौकशी, व्हीलचेअर शोधणं, बंद पडलेल्या सक्शन मशीनमागे धावणं, तीच माहिती तीन रजिस्टरांत उतरवणं. खिशात मावेल एवढा छोटा कागद हवा, नाहीतर हेच आणखी एक रजिस्टर होऊन बसतं. आठवड्याअखेर बेरीज करायची आणि सगळ्यात उंच दोन रकाने निवडायचे. दोनच. सगळं बदलायला निघालं की काहीच बदलत नाही. स्टोअरच्या फेऱ्या जास्त असतील तर वॉर्डातला साठा वाढवणं किंवा ठरलेल्या वेळी स्टोअरच्या माणसाने ट्रॉली आणणं, हे फारसा खर्च न करता जमतं.

काय बदलायचं, आणि कुठे अडतं

ड्युट्या पुढे सरकणाऱ्या क्रमाने लावायच्या: सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र. शरीराला झोप पुढे ढकलणं मागे ओढण्यापेक्षा सोपं जातं. सलग नाइट तीनपेक्षा जास्त नकोत, त्यानंतर किमान 48 तास मोकळे, आणि सुट्ट्या जमतील तेवढ्या जोडून. तक्ता चार आठवडे आधी लागला पाहिजे. ड्युटी परवा बदलेल की काय या धास्तीत मिळालेली सुट्टी अंगी लागत नाही. अदलाबदल मोकळी ठेवावी, पण वहीत लिहून आणि 11 तासांचं अंतर मोडणार नाही या अटीवर.

इथे विरोध होतो, आणि तो नर्सेसकडूनच होतो. सलग सात नाइट करून मोठी सुट्टी घेणाऱ्यांना तीन नाइटचा नियम नको असतो. कोणाचं घर लांब, कोणाची मुलं लहान. बारा तासांच्या ड्युटीचंही तसंच. आठवड्यातले फेरे कमी होतात म्हणून ती आवडते, पण साडेबारा तासांच्या पुढे गेलेल्या ड्युटीत चुकांची शक्यता सुमारे तिप्पट होते, असं अमेरिकेतल्या नर्सेसच्या 2004 मधल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीला ओव्हर लांबलं की धोक्याची रेषा ओलांडलीच. हा प्रश्न फर्मान काढून सुटत नाही. एका वॉर्डात दोन महिने करून पाहायचं, मग मत घ्यायचं.

जेवणाची सुट्टी "घ्या" असं सांगून कोणी घेत नाही. सुट्टीवर जाणारीचे पेशंट कोण सांभाळणार, त्याचं नाव तक्त्यात लिहिलेलं असलं तरच ती मिळते. तीस मिनिटं, फोन दुसऱ्याच्या हातात, आणि जाताना दोन वाक्यांचं ओव्हर. सांभाळणारीकडे तेवढा वेळ पेशंट दुप्पट होतात, म्हणून दोघींच्या जोडीपेक्षा एक मोकळी नर्स दोन वॉर्डांत फिरती ठेवणं बरं.

रात्री तीन ते पाच या वेळात सतर्कता सगळ्यात खाली जाते. त्याआधी वीस ते तीस मिनिटांची डुलकी काढली तर फायदा होतो. त्याहून लांब गेली की झोप खोल होते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, मॉर्फिन अशा जोखमीच्या औषधांना हात लावायचा नाही. ही सोय लेखी परवानगीने, ठरलेल्या जागी आणि गजर लावून हवी. तोंडी परवानगी राउंडवर आलेल्या नव्या अधिकाऱ्याला माहीत नसते, आणि मग "ड्युटीवर झोपलेली" असा शेरा बसतो. चहा-कॉफी झोपायच्या सहा तास आधी बंद. नाइटनंतर स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांना थोडं झोपून निघायला जागा असावी.

मृत्यू किंवा अयशस्वी सीपीआरनंतर सगळ्यांनी क्षणभर थांबायचं, मग पाच-दहा मिनिटं बोलायचं. काय घडलं, काय नीट झालं, कोणाला आत्ता काही हवं आहे का, एवढंच. चूक कोणाची हा विषय इथे आणायचा नाही. तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत. आणि यात बोलण्याची सक्ती करू नये. अघटिताला सामोऱ्या गेलेल्या प्रत्येकाला एका सत्रात सगळं सांगायला लावलं तर पुढचा मानसिक आघात टळतो असं पूर्वी मानलं जायचं; अभ्यासांनी ते खरं ठरवलं नाही, उलट काहींना त्रास झालेला दिसला. औषधाची चूक झालेल्या नर्सला त्या दिवशी पेशंटपासून मोकळं करायचं, पण एकटं घरी पाठवायचं नाही.

योग, ध्यान, हसण्याचे वर्ग यांना आमची हरकत नाही. ज्यांना आवडतं त्यांना थोडाफार उपयोग होतो. मात्र ते ड्युटीच्या वेळेत हवेत. ऑफच्या दिवशी बोलावून हजेरी घेतली, तर ताण कमी करण्याच्या नावाखाली एक सुट्टी गेली.

एकट्याशी बोलताना

तक्ता थोडाफार सुधारला की मग माणसाकडे वळायचं. त्याआधी वळलं, तर "तुला जमत नाही" असाच अर्थ निघतो. बोलणं बंद खोलीत, ड्युटीच्या वेळेत, आणि शक्यतो गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने नव्हे. "तू तर खंबीर आहेस" आणि "आमच्या वेळी तर" ही दोन वाक्यं गिळून टाकायची. "कुठलं एक काम गेलं तर आठवडा सुसह्य होईल?" हा प्रश्न चांगला चालतो, कारण त्याला ठोस उत्तर मिळतं. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलणं आलं तर आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होय म्हटलं तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. औषधं हाताशी असतात आणि त्यांची माहितीही असते, त्यामुळे इथे उद्यावर ढकलणं परवडत नाही. तज्ज्ञ स्वतःच्या रुग्णालयाबाहेरचा असला तर लोक जातात. आपल्याच ओपीडीत नंबर लावून सहकाऱ्यांसमोर बसायला कोणी तयार नसतं.

रजेवरून परतणारीला पहिले चार आठवडे नाइट नको, इनचार्जपद नको, आणि सुरुवातीला अर्धी ड्युटी किंवा नेहमीपेक्षा कमी पेशंट. दर आठवड्याला दहा मिनिटं भेटून पुढचं ठरवायचं. हे फसतं ते बहुतेक ठिकाणी तिच्यामुळे नव्हे. तिच्या वाट्याचं काम न भरता इतरांवर टाकलं जातं, त्या कुरकुरतात, ते तिच्या कानावर जातं आणि ती तिसऱ्या आठवड्यातच पूर्ण ड्युटी मागून घेते. त्यामुळे परतण्याची तारीख ठरवण्याआधी बदली माणूस ठरवायचा. तो मिळत नसेल तर त्या महिन्यात वॉर्डच्या काही खाटा बंद ठेवण्याची मागणी लेखी करायची. मान्य होवो न होवो, कागद फाइलला लागलेला असतो.

पुन्हा मोजणी सहा महिन्यांनी, त्याच प्रश्नावलीने, साधारण तेवढ्याच कामाच्या महिन्यात. साथीच्या महिन्याची तुलना निवांत महिन्याशी करून काही हाती लागत नाही. पहिल्या मोजणीचा निकाल महिन्याभरात वॉर्डात लावलेला असला पाहिजे, सोबत बदललेल्या आणि न बदललेल्या गोष्टींची यादी, न बदलण्याच्या कारणांसकट. मधल्या काळात दर आठवड्याला एकच आकडा पाहत राहिलं तरी चालतं: ड्युटी संपण्याची वेळ आणि नर्स खरोखर निघाली ती वेळ, यातलं अंतर. ते पुन्हा वाढू लागलं की टिचकी-कागद परत वाटायचे.